मानपानाचा एलएम

सी भाषेत वर्गमूळ काढणं हे गणिताचं काम नव्हेच, ते मानपानाचं काम आहे! प्रोग्रामच्या डोक्यावर 'मॅथ.एच' लिहिलं की आपल्याला वाटतं, गणिताला आमंत्रण गेलं. छे! ते नुसतं पत्रिकेवर नाव छापणं झालं. कंपायलर पत्रिका वाचून मान डोलावतो, मागून तुकडे जोडणारा लिंकर येतो आणि म्हणतो, "स्क्वेअर रूट? अशी नोंद नाही आमच्याकडे." मग आदेशात '-एलएम' लिहून लायब्ररीला घरी जाऊन अक्षत द्यावी लागते. तीही शेवटी हं! स्टॅटिक लायब्ररी आधी लिहिली, तर लिंकर 'तूर्त काम नाही' म्हणून तिला वाटेला लावतो आणि पुढे गरज पडली तरी मागे वळून बघत नाही. (आम्ही काउंटरवरून निदान 'उद्या या' तरी म्हणतो.)

प्रिंटएफ मात्र घरचा, न बोलावता पंगतीत. आणि वर्गमूळ नुसत्या 2 चं मागितलं, तर जीसीसी तोंडी हिशेब करून मोकळा! 2 च्या जागी एक्स आला की रुसवा सुरू.

म्हणे पूर्वी मेमरी किलोबाइटांत मोजत, म्हणून बिऱ्हाड वेगळं. मान्य. पण लिनक्सवरच्या जीलिबसीने 2021 साली, 2.34 व्या आवृत्तीत, पीथ्रेड आणि डीएल या भावंडांना घरात घेतलं. मॅकवर तर गणित एकत्र कुटुंबातच नांदतं. मग इथे एकट्या एमचंच सोवळं कशाला? "तशी पद्धत आहे" हे उत्तर मी काउंटरच्या आतून रोज देतो. बाहेर उभं राहून ते ऐकून घ्यायला मी मुळीच तयार नाही.