बोगदा आल्यावर काय होतं?

कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस आले की या स्तंभाच्या टपालात एक प्रश्न हटकून येतो. येता-जाता गेम खेळायचे आहेत, तर हँडहेल्ड घ्यावा, जरा तगडा फोन घ्यावा की सरळ गेमिंग लॅपटॉप? पत्रासोबत बहुतेक वेळा एक तक्ताही असतो. प्रोसेसर, रॅम, रिफ्रेश रेट, किंमत असे सगळे रकाने व्यवस्थित भरलेले. एक रकाना मात्र मी अजून कुणाच्या तक्त्यात पाहिलेला नाही. खेळ मध्येच टाकून उठावं लागलं तर काय होतं? प्रवासातल्या खेळापुरतं बोलायचं तर मी आधी तोच रकाना भरीन.

घरी खेळताना कधी उठायचं ते आपण ठरवतो. बाहेर ते दुसरंच कुणीतरी ठरवतं. टीसी येतो, स्टेशन येतं, शेजारचे काका पेपर वाचून संपल्यावर गप्पांना सरसावतात. मुंबईहून पुण्याला येणाऱ्या कुठल्याही इंटरसिटीत कर्जतनंतरचा प्रवास बघा. मागे बँकर इंजिनं लागलेली असतात, वडापावचे कागद चुरगाळून झालेले असतात आणि गाडी घाट चढायला लागते. डब्यात कुठेतरी तीन-चार पोरांचं बीजीएमआय (पूर्वीचं पबजी) रंगात आलेलं असतं. अंगठ्यांवर त्या काळ्या कापडी टोप्या, घामानं बोट अडकू नये म्हणून फुटपाथवर घेतलेल्या. बोगदा येतो, पिंगचा आकडा लाल होतो, ‘अरे नेट गेलं, नेट गेलं’ असा ओरडा होतो आणि गाडी उजेडात येईपर्यंत एखाद्याचा बळी गेलेला असतो. मोठ्या नकाशावरचा सामना अर्ध्या तासाच्या आसपास चालतो. त्याला पॉज नाही आणि असूही शकत नाही, कारण समोरचे नव्व्याण्णव खेळाडू तुमच्या बोगद्यासाठी थांबायला बांधील नाहीत. खिशात मावणाऱ्या यंत्रावरचा सगळ्यात लाडका खेळ प्रवासाला सगळ्यात गैरसोयीचा निघावा, याला काय म्हणायचं!

यात फोनचा दोष नाही. एकच खेळ वेगवेगळ्या यंत्रांवर लावून बघितला की हे कळतं. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा खेळ एरिक बरोन या एकट्या माणसानं तयार केला. २०१६मध्ये तो पीसीवर आला, पुढे निन्टेन्डोच्या स्विचवर, मग फोनवर. त्यातला एक दिवस आपल्या साधारण चौदा मिनिटांचा. पीसीवर खेळ सेव्ह होतो तो दिवस संपून शेतकरी झोपल्यावरच. वाफ्यांना पाणी घालून झालंय, खेळात दुपारचे दोन वाजलेत आणि तुमचं स्टेशन आलं म्हणून खेळ बंद केलात, तर तो दिवस गेला. पुन्हा सकाळपासून पाणी घाला. मग लॅपटॉप नुसता मिटून ठेवला तर? विंडोजची झोप फार बेभरवशाची. कधी उठल्यावर सगळं जागच्या जागी असतं, कधी खेळ गोठलेला असतो, आणि कधी बॅगेतून चांगला शेकलेला लॅपटॉप बाहेर येतो, बॅटरी निम्मी संपवून. फोनसाठी खेळ बसवताना ही अडचण लक्षात घेतली गेली, त्यामुळे तिथे भर दुपारीही तो सेव्ह होतो. स्विच किंवा स्टीम डेक या हँडहेल्डवर तर विचारच करावा लागत नाही. वरचं बटण दाबलं की पडदा काळा. कुदळ उगारलेली असेल तर उगारलेलीच. रात्री जेवण झाल्यावर तेच बटण पुन्हा दाबायचं आणि कुदळ मातीत पडते.

लोक हँडहेल्डला पैसे मोजतात ते माझ्या मते या बटणासाठी. खऱ्या जॉयस्टिक आणि बटणं हे दुसरं कारण. चिपची ताकद फार मागून येते.

पुढचा रकाना बॅटरीचा. दुकानदार मिलिअँपिअर-अवर सांगेल. तुम्ही वॉट-अवर विचारा आणि भागाकार करा. पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॉट-अवरची. एखादा जड थ्रीडी खेळ पूर्ण जोरात लावला की ते यंत्र वीस-पंचवीस वॉट खातं, म्हणजे पावणेदोन-दोन तासांत चार्जर शोधायचा. स्टारड्यूसारखा साधा खेळ सात-आठ वॉटांत भागतो आणि पाच तास निघतात. आसूसच्या पहिल्या आरओजी अ‍ॅलायमध्येही ४०चीच बॅटरी होती आणि तिच्यावर भरपूर टीका झाली. २०२४च्या अ‍ॅलाय एक्समध्ये कंपनीनं ती सरळ दुप्पट केली. वजन वाढलं ते ७० ग्रॅम. हा सौदा मला तरी कुठल्याही नव्या चिपपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

फोनची पाच हजार मिलिअँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १९ वॉट-अवरच्या आसपास. खेळ चार-पाच वॉट ओढतो असं धरलं तर चार तास, म्हणजे जड खेळात कागदावर फोन हँडहेल्डला मागे टाकतो. पण फोनची बॅटरी एकट्या खेळाची नसते. तिकीट त्यात, यूपीआय त्यात, उतरल्यावर बोलवायची रिक्षाही त्यातच. चार तास खेळून शिवाजीनगरला उतरलेल्या माणसाच्या खात्यात पैसे असतात आणि हातात नसतात. त्यातून बहुतेक फोनना पंखा नाही. मे महिन्यात स्लीपरच्या डब्यात खेळून बघा. थोड्या वेळात मागची बाजू तापते, मग फोन स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो आणि पाठोपाठ पडद्याचा उजेड. जाहिरातीतला वेग असतो तो थंड फोनचा.

बॅटरीचं हे गणित निन्टेन्डोनं १९८९मध्येच सोडवलं होतं. गनपेई योकोई यांच्या हाताखाली घडलेल्या गेम बॉयला रंग नव्हते, पडद्यामागे दिवा नव्हता. सेगाच्या गेम गिअरला दोन्ही होतं, पण तो सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत फस्त करायचा. गेम बॉयला चार सेल लागत आणि ते याच्या कितीतरी पट टिकत. जुनं, स्वस्त, पुरतं मुरलेलं तंत्र घ्यायचं आणि ते नव्या तऱ्हेनं वापरायचं, हा योकोईंचा खाक्या. गेम बॉय आणि त्याचा रंगीत अवतार मिळून ११ कोटी ८० लाखांहून जास्त विकले गेले. गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला. आपल्याकडे गेम बॉय मोजक्याच घरांत पोचला. जत्रेत आणि एसटी स्टँडबाहेर मिळणारा ‘९९९९ इन १’ ब्रिक गेम मात्र सगळीकडे होता. त्यात ९९९९ खेळ अर्थातच नव्हते, पण दोन सेलवर तो अख्खी मे महिन्याची सुट्टी काढायचा.

गेमिंग लॅपटॉपबद्दल माझं मत जरा कडक आहे. तो इथून तिथे नेता येतो. वाटेत खेळता येत नाही. अडीच किलोच्या आगेमागे वजन, वर विटेएवढा चार्जर. विमानात १०० वॉट-अवरपेक्षा मोठी बॅटरी परवानगीशिवाय नेता येत नाही, म्हणून मोठ्यातल्या मोठ्या लॅपटॉपचा आकडा ९९.९वर येऊन अडतो. खेळताना मात्र ही यंत्रं शंभर वॉटच्या वर सहज जातात. त्यामुळे प्लग काढला की लॅपटॉप आपणहून ग्राफिक्सचा जोर कापतो. ज्या कार्डासाठी लाखभर रुपये मोजले ते अर्धपोटी चालणार, आणि तेही तासभर. गाडीतल्या सॉकेटवर भिस्त ठेवू नका. जुन्या डब्यांत ते ११० व्होल्टचं असतं आणि त्यावर फोनपेक्षा जास्त भार टाकू नये हे बरं. माउस ठेवायला जागा नसते हा आणखी वेगळाच ताप.

तरीही इंजिनीअरिंगला निघालेल्या मुलाला घ्यायचाच असेल तर लॅपटॉप घ्या. त्याला प्रोजेक्ट करायचे आहेत, कॅड चालवायचं आहे आणि होस्टेलच्या खोलीत प्लग आहे. दुसरं म्हणजे मित्र जे खेळतात तेच खेळायचं असतं, आणि ते व्हॅलोरंट असेल तर विषय संपला. त्याची फसवेगिरी पकडणारी यंत्रणा विंडोजच्या अगदी गाभ्यात जाऊन बसते. स्टीम डेक लिनक्सवर चालतो, तिथे हा खेळ सुरूच होत नाही. (‘अभ्यासाच्या’ लॅपटॉपला एवढं महाग ग्राफिक्स कार्ड कशाला, असं विचारणारे बाबा हल्ली वाढलेत. त्यांचा प्रश्न चुकीचा नाही.) फक्त गाडीत खेळायची कल्पना सोडून द्या.

विंडोजवरचे हँडहेल्ड ही मधली वाट. आरओजी अ‍ॅलाय आपल्याकडे रीतसर बिलासह मिळतो. २०२३मध्ये आला तेव्हा ६९,९९० रुपयांना होता. चिप दमदार, पडदा उत्तम. पण सात इंचांवर विंडोज चालवणं म्हणजे अंगठ्याच्या टोकानं खिडकीच्या कोपऱ्यातली ती बारीक फुली दाबत बसणं, आणि झोपेचं दुखणं लॅपटॉपकडून वारशानं आलेलंच. ऑक्टोबर २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टनं आसूसबरोबर एक्सबॉक्स अ‍ॅलाय आणला आणि विंडोजला पूर्ण पडद्याच्या गेमिंग मुखवट्यामागे ढकललं. सुधारणा आहे. डेकच्या बटणाची सर अजून नाही.

मग बहुतेकांनी काय करावं? बहुतेकांनी काहीच नवं विकत घेऊ नये, असं मी म्हणेन. हातात आहे त्या फोनला दोन्ही बाजूंनी धरणारा एक कंट्रोलर घ्या आणि इंटरनेटशिवाय चालणारे दोन-तीन विकतचे खेळ उतरवा. विकतचे म्हटलं की लोक दचकतात. पण फुकटचा खेळ पुढे कपडे आणि बंदुकीचे रंग विकून पैसे वसूल करतो, आणि ते रंग आपल्या मालकीचे राहतात असंही नाही. २ सप्टेंबर २०२०ला पबजी मोबाइलवर बंदी आली. त्याच्या जागी आलेलं बीजीएमआय जुलै २०२२मध्ये अ‍ॅप स्टोअरवरून दिसेनासं झालं, ते मे २०२३मध्ये परतलं. तोवर नव्या फोनवर ते रीतसर उतरवून घ्यायची सोयच नव्हती. विकत घेऊन फोनवर उतरवलेला खेळ बोगद्यातही चालतो आणि अशा बातम्यांतही.

महिन्यातले बरेच तास प्रवासात जातात, खेळायला सलग अर्धा तासही मिळत नाही आणि तरी मोठ्या, गोष्टीच्या खेळांची ओढ आहे, अशांनी मात्र हँडहेल्डच घ्यावा. लॅपटॉपवर स्टीमचे खेळ आधीच असतील तर डेक, कारण तेच खेळ पुन्हा विकत घ्यावे लागत नाहीत, रुपयांत मिळतात आणि सेलमध्ये पडेल किमतीला येतात. घरात लहान मुलं असतील तर स्विच. निन्टेन्डोचे खेळ महाग, सवलत क्वचित. पण खेळून झाल्यावर कार्ट्रिज निम्म्याहून चांगल्या भावात विकता येते, जे स्टीमवर जमत नाही.

अडचण एवढीच की डेक बनवणारी व्हॉल्व्ह आणि निन्टेन्डो दोघंही आपली यंत्रं आपल्याकडे रीतसर विकत नाहीत. लॅमिंग्टन रोड किंवा तसंच एखादं ठिकाण गाठावं लागतं आणि वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. तिथे दुपारच्या गर्दीत जाऊ नका. डबा दुकानातच उघडा, सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही जॉयस्टिक चारही दिशांना फिरवा आणि सोडल्यावर ठिपका मधोमध येऊन थांबतो का ते बघा; सरकत राहिला तर दुसरा नग मागा. खेळ चालू असताना एकदा पॉवरचं बटण दाबा, पाच मिनिटं चहा पिऊन या, मग पुन्हा दाबा. पैसे त्यानंतर.