कर्ज काढण्याआधी डोळा पारखा

वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आणि डहाणू-तलासरीच्या वस्त्यांत नोकरीच्या गोष्टी वाढल्या. भरतीत चष्मा आड येईल म्हणून मुलाच्या लेसरसाठी कर्ज काढू पाहणाऱ्या आईबापांना आमचे सांगणे आहे: आधी भरतीची जाहिरात वाचा. रेल्वेच्या सहायक लोको पायलट भरतीत लेसिक केलेला उमेदवारच अपात्र ठरतो.

लेसर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जाडी कमी करतो. गेलेली जाडी परत येत नाही. म्हणून वय १८ पूर्ण हवे, किमान वर्षभर नंबर स्थिर हवा, पडद्याची जाडी आणि आकार मोजलेला हवा. पडदा पातळ वा शंकूसारखा असेल, डोळे फार कोरडे पडत असतील, तर सहसा नकोच. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने थांबावे. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा बहुतेकांना लागतोच. साडेसातपेक्षा कमी नंबर असेल तर आरोग्य विमा सहसा खर्च देत नाही.

मुलीचे लग्न अडते म्हणून तर ऑपरेशन मुळीच करू नका. आपल्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोतही चष्मा आहे. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. डॉक्टरांना तपासणीचे कागद मागा, समजून घ्या, मगच सही करा.