बोट धुणार कोण?

लालबागहून पूर्वेला चालत निघालं की थोड्या वेळात गोदीची भिंत लागते, पश्चिमेला निघालं की तासाभरात समुद्र. दादरकरांना चौपाटी आहे, आणि गिरगावकरांना तर समुद्र म्हणजे घरचं अंगण. आणि तरीही... दादर, परळ, लालबाग, गिरगाव एवढ्या गोतावळ्यात माझ्या ओळखीच्या एकाही माणसाने हौसेने हातात वल्हं धरलेलं नाही. कोळीवाड्यातले दोन मित्र आहेत, पण त्यांचा तो धंदा. क्रिकेट आहे, कबड्डी आहे, मल्लखांब आहे, कॅरम तर विचारूच नका. होडी नाही.

असं का, म्हणून विचारलं की दोन उत्तरं ठरलेली. एक, हा श्रीमंतांचा खेळ आहे. दोन, मुंबईचा समुद्र त्या लायकीचा नाही. दोन्ही उत्तरं अर्धी खरी आहेत. माझं म्हणणं असं की आपल्याकडे हौशी रोइंग क्लब चालू शकतो, आणि तो चालवायला सगळ्यात योग्य माणसं लालबाग-परळ-गिरगावात आहेत. हसू नका, पुढे वाचा.

मी नऊ वर्षं आमच्या व्यायाम मंडळाचा खजिनदार होतो. त्या नऊ वर्षांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. क्लब म्हणजे खेळ नव्हे. खेळ वर्षातून चार-सहा दिवस. बाकी क्लब म्हणजे खोलीची किल्ली कोणाकडे आहे, पावतीपुस्तक कुठे ठेवलंय, चटया उन्हात कोणी घातल्या, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब वेळेत गेला का आणि दहावीच्या परीक्षेनंतर गायब झालेली पोरं परत आली का. हे जिथे होतं तिथे क्लब टिकतो. शिवाजी पार्कचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५ साली सुरू झालं आणि आजही तिथे पोरं मल्लखांबावर चढतायत. उदय देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी फोटो पाहिले, पण ती त्याआधीच्या कित्येक वर्षांच्या रोजच्या सकाळ-संध्याकाळची पावती होती.

रोइंगमध्ये तर हा न दिसणारा भाग फारच मोठा. बोट खाऱ्या पाण्यातून बाहेर आली की गोड्या पाण्याने धुवावी लागते, नाहीतर सरकत्या बैठकीची चाकं आणि वल्ह्याच्या आधाराचे नट-बोल्ट मीठ खाऊन टाकतं. तासभर वल्हवायचं आणि अर्धा तास धुवायचं. लालबागच्या चाळीत वाढलेल्या माणसाला नळाच्या वेळा सांभाळून भांडी-कपडे धुण्याची सवय असते, त्याला हे नवीन नाही :)

थोडं खेळाबद्दल, कारण आमच्या गिरगावच्या काकू हे वाचतात आणि फोन करून विचारतात. रोइंग म्हणजे शिडाची बोट नव्हे. वल्हवणारे पाठमोरे बसतात, म्हणजे बोट जाते त्या दिशेला त्यांची पाठ. बैठक मागेपुढे सरकते आणि जोर हातांपेक्षा पायांचा जास्त. आठ जणांच्या शर्यतीच्या बोटीत नववा एक हलका माणूस समोर पाहून सुकाणू धरतो आणि ओरडतो. ही बोट साधारण सतरा मीटर लांब आणि रुंदीला माणूस जेमतेम मावेल एवढी. शांत पाण्यात ती सुरीसारखी जाते, पण समुद्राच्या लाटेवर घातली की पाणी आत येतं. म्हणून "मुंबईचा समुद्र लायक नाही" हे उत्तर अर्धं खरं.

आपल्या राज्यात हा खेळ आहे तो नद्यांवर. पुण्याला संगमाजवळ, बंडगार्डनच्या बंधाऱ्याने पाणी अडतं म्हणून, रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ पासून आहे. तिथेच सीओईपीचा बोट क्लब. त्यांचा रेगाटा १९२८ पासूनचा, आणि तो सगळा कारभार विद्यार्थी पाहतात. रेगाटाच्या संध्याकाळी पंट फॉर्मेशन आणि मशाली बघायला काठावर गर्दी जमते. त्यासाठी पोरं आधी महिनोन्महिने बोटी डागडुजत असतात, ते बघायला कोणी जात नाही. सांगलीला पावसाळ्यात कृष्णा भरली की गावोगावचे बोट क्लब होड्यांच्या शर्यती लावतात, आणि त्या शर्यतींत जिमखान्याचा वाससुद्धा नसतो. श्रीमंतांचा खेळ म्हणणाऱ्यांनी एकदा सांगलीला जाऊन यावं.

आणि दत्तू भोकनळ! चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, जिथे पिण्याच्या पाण्याची मारामार. तिथला हा मुलगा २०१२ मध्ये लष्करात गेला, तिथे वल्हवायला शिकला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या शर्यतीत तेरावा आला आणि २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये चौघांच्या बोटीत सुवर्णपदक घेऊन आला. पुढे २०२३ मध्ये हांगझोऊला भारताने रोइंगची पाच पदकं मिळवली. अभिमान आहेच. पण आपल्याकडे हा खेळ जवळजवळ पूर्ण लष्कराच्या खांद्यावर उभा आहे. नोकरी करून, सकाळी दोन तास वल्हवून आठ पन्नासची लोकल पकडणारा हौशी माणूस त्यात जवळपास नाहीच.

"हौशी" या शब्दाचीही एक गंमत आहे. विलायतेत हेन्लीच्या शर्यतींचा १८७९ चा नियम होता की कारागीर, मजूर किंवा हाताने काम करून पोट भरणारा माणूस हौशी धरायचा नाही. म्हणजे पैसे घेऊन वल्हवणारा तर नाहीच, पण सुतार-गवंडीसुद्धा नाही. १९२० साली फिलाडेल्फियाच्या जॉन केलीचा तिथला प्रवेश नाकारला गेला. त्याच्या क्लबशी जुना वाद होता हे खरं, पण तो गवंडीकाम केलेला होता हेही खरं. त्याच वर्षी त्याने अँटवर्प ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं घेतली. (ग्रेस केली ही त्याची मुलगी. आणि १९४७ मध्ये त्याच्या मुलाने हेन्लीला जाऊन तीच शर्यत जिंकली. असे सूड मला फार आवडतात.) त्या नियमाने पाहिलं तर गिरणगावातला एकही माणूस हौशी ठरला नसता. आणि आपल्याकडे? दिवसभर साच्यावर उभं राहून रात्री नाटकाच्या तालमीला किंवा आखाड्यात जाणारा, तोच तर हौशी! आपला शब्द त्यांच्यापेक्षा मोठा आहे.

बरं, समुद्राचं काय? इथे नवी गोष्ट अशी की रोइंगमध्ये आता किनारी प्रकार आला आहे. त्याच्या बोटी आखूड, रुंद आणि दणकट असतात, आत आलेलं पाणी मागून वाहून जातं. एकट्याची बोट सहा मीटर आणि पस्तीस किलो, चौघांची दीडशे किलोच्या घरात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये यातली बीच स्प्रिंट ही शर्यत आहे. वाळूवरून धावत बोट गाठायची, अडीचशे मीटर आत बोयांना वळसे घालत जायचं, सरळ रेषेत परत यायचं आणि पुन्हा वाळूत धावायचं. हे वर्णन वाचून तुमच्या डोळ्यांसमोर गिरगाव चौपाटी आली नाही तर तुम्ही गिरगावकर नव्हे. मलबार हिलच्या आडोशाने तिथे पाणी बरंचसं शांत असतं, आणि वाळू आहेच.

आता वर्षाचं गणित मांडतो, कारण खरी परीक्षा तिथे आहे.

जून ते ऑगस्ट समुद्र बंद. पहिले दोन महिने ट्रॉलरवाल्यांनाही मासेमारीची बंदी असते, तेव्हा आपण शहाणपणा करू नये. या काळात रोइंग मशीन. ते मशीन आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद असतं. दहा बाय बाराच्या खोलीत तीन मावतात, मी कागदावर आखून पाहिलं आहे. पोहण्याची परीक्षाही याच काळात, शिवाजी पार्कजवळच्या महापालिकेच्या तलावात. ज्याला पोहता येत नाही त्याने बोट धुवावी, बसू नये.

नारळी पौर्णिमेला कोळी समुद्रात नारळ सोडतात, तेव्हा आपणही नारळ वाढवू, फोटो काढू. पण तेवढंच. आठ दिवसांनी गोकुळाष्टमी, म्हणजे निम्मी पोरं थरांत. त्यानंतर दहा-अकरा दिवसांत गणपती. लालबागमध्ये गणपतीत कोणाला "उद्या सकाळी सहाला चौपाटीवर ये" म्हणून बघा. आणि चौपाटीच तर विसर्जनाची. मग पितृपक्ष, मग नवरात्र. खरा हंगाम कोजागिरीला सुरू होणार आणि होळीला संपणार. मधले पाच महिने सकाळचा वारा जमिनीवरून येतो, हलका असतो, पाणी सपाट. दुपारनंतर समुद्राचा वारा सुटतो, तेव्हा बोटी वर.

त्यातही भरती-ओहोटी. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणजे सकाळी सहाला पूर्ण ओहोटी. त्या दिवशी बोट वाळूतून लांबवर वाहून न्यायची. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा सकाळी सहालाच पाणी वर आलेलं. त्यामुळे या क्लबचं वेळापत्रक घड्याळावर नाही, तिथीवर चालणार. आमच्या मंडळाच्या कार्यालयात कालनिर्णय टांगलेलंच असतं. तेव्हा प्रशिक्षक कुठून आणायचा, हेही विचारू नका. कोळीवाड्यात आहेत. त्यांना मानधन द्यायचं, आणि त्यांच्या होड्या लागतात तिथे आपली बोट लावायची नाही.

मार्चमध्ये परीक्षा, पोरं गळणार. वर्षअखेरचा हिशेब. एप्रिलमध्ये वार्षिक सभा, आणि सेक्रेटरी व्हायला कोणी तयार नाही म्हणून मागचाच पुढे चालू. मे महिन्यात लालबाग कोकणात असतं. तेव्हा बोटींची डागडुजी करायला जे दोघं-तिघं मागे राहतील, ते खरे सभासद. हे मी नऊ वर्षं पाहिलेलं आहे, त्यात वल्ह्यामुळे काही फरक पडणार नाही.

म्हणजे माणसं आहेत, सवय आहे, किनारा आहे. पैसा लागेल, पण आमच्या भागात वर्गणी जमवणं ही कला नसून संस्कार आहे. अडतं कुठे? एका शेडवर आणि एका उतारावर. बोट ठेवायला चाळीस फुटांची जागा आणि पाण्यापर्यंत जाणारा रस्ता, एवढंच. पूर्वेचा सगळा किनारा बंदराच्या भिंतीआड. पश्चिमेला २०२४ मध्ये सागरी किनारा रस्ता सुरू झाला, त्यासाठी भर घालून जमीन मिळवली, समुद्र बघत फिरायला जागा केली. समुद्र बघायचा, हात लावायचा नाही, अशी सगळी रचना. देवळात गाभाऱ्याबाहेरून दर्शन घ्यावं तसं.

आणि उद्या ही जागा मिळालीच तर ती कोणाला मिळेल, याची मला जास्त काळजी आहे. लाखांत प्रवेशशुल्क, पांढरा गणवेश, गेटवर रखवालदार, की मग झालंच पुन्हा हेन्ली. माझं स्पष्ट मत आहे की सार्वजनिक किनाऱ्यावरची शेड द्यायची तर नोंदणीकृत मंडळाला द्यावी, वर्गणी परवडेल एवढी ठेवण्याच्या अटीवर, आणि वर्षाचे हिशेब फलकावर लावण्याच्या अटीवर. बोटीवर पुढाऱ्याचं नाव नको. एकदा हंडीच्या टीशर्टवर छापलं, पुरे झालं.

राहिला घाण पाण्याचा मुद्दा, तो मला टाळायचा नाही. पुण्याच्या मुळेचं पाणी काही गंगाजल नाही आणि तिथे पोरं वल्हवतात, पण हे समर्थन होत नाही. मुलांना त्या पाण्यात उतरवताना मलाही दहा वेळा विचार करावा लागेल. सध्या कुठल्या नाल्यातून कुठल्या दिवशी काय येतं हे फक्त कोळ्यांना माहीत असतं. ते सांगतात, आणि त्यांचं कोणी ऐकत नाही. चाळीस घरची पोरं रोज सकाळी त्याच पाण्यात असली, तर चाळीस आया वॉर्ड ऑफिसात जातील. आमच्या वॉर्ड ऑफिसने लालबागच्या आया अजून एकत्र पाहिलेल्या नाहीत.