दंगा कोणाचा आणि पट्टी कोणावर?

वाचकहो, गावात दंगा झाला की सरकार जादा पोलीस बसवते. बसवावेत, त्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या पगाराविषयी. इंग्रज सरकारने 1890 साली मुंबई इलाख्यासाठी जिल्हा पोलिसांचा कायदा केला. त्यात हा खर्च गावकऱ्यांवर पट्टी बसवून वसूल करण्याची सोय ठेवली होती. इंग्रज गेले, स्वराज्य आले, आणि 1951 च्या पोलीस कायद्यात कलम 50 होऊन तीच सोय पुन्हा नांदू लागली!

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला पाथर्डी-शेवगावकडचा गडी दिवाळीच्या सुमारास बायकापोरे घेऊन ऊस तोडायला कारखान्यावर जातो. मागे गावात दोन पुढाऱ्यांच्या भांडणात डोकी फुटली, तर त्याला खबरही नसते. पण गावी दीड एकर जमीन त्याच्या नावावर आहे ना! जमीन धरणारा गैरहजर असला तरी हा कायदा त्याला रहिवाशांत मोजतो. दगड मारणारा निराळाच, आणि पट्टी उसाच्या फडात राबणाऱ्यावर. गावातच राहून भाता फुंकणाऱ्या लोहाराचीही तीच गत. सूट देण्याचा अधिकार सरकारच्या हाती आहे खरा, परंतु सरकारच्या कानापर्यंत पोचतो कोण?

पोचतो तो असा. क्रिकेटच्या सामन्यांना दिलेल्या पोलीस बंदोबस्ताचे 14 कोटी 82 लाख रुपये मुंबईच्या क्रिकेट संघटनेकडे थकले होते. सरकारने जून 2023 मध्ये बंदोबस्ताचा आकारच कमी केला, तोही 2011 पासून मागे जाऊन, आणि जुन्या बाकीवर पाणी सोडले. ऑगस्ट 2024 मध्ये मुंबई हायकोर्टाने याबद्दल सरकारची कानउघाडणी केली. ज्याचा तिकिटावर धंदा चालतो त्याला माफी, आणि ज्याची चूल मजुरीवर पेटते त्याला पट्टी. असा हा न्याय!

जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्याआधी संयुक्त समितीकडे 12 हजारांहून अधिक हरकती व सूचना गेल्या होत्या. मग आमचीही सूचना आमदारांनी ऐकावी. कलम 50 दुरुस्त करा. जादा पोलिसांचा खर्च आधी सरकारी तिजोरीतून करा, आणि ज्यांच्यावर कोर्टात गुन्हा शाबीत होईल त्यांच्याकडूनच तो वसूल करा. गावोगावच्या ग्रामसभांनी तसा ठराव करून आपल्या आमदाराकडे धाडावा. 26 जानेवारीच्या सभेला उसाचे गडी गावी नसतात. त्यांच्यासाठी 1 मेची सभा बरी.