तीन तोंडं आणि एक तांब्याचं नाणं

गेटवेच्या धक्क्यावरून घारापुरीला बोट सुटते. दहा किलोमीटरच्या आसपास पाणी, तासाभराचा प्रवास. खाली बसलात तर ठरलेलं भाडं, वरच्या डेकवर हवा खायची तर जादा पैसे. म्हणजे धक्का सुटायच्या आधीच वर कोण आणि खाली कोण हे ठरलं. या देशात पाण्यावरसुद्धा माळे आहेत.

चळवळीतले आपले काही दोस्त म्हणतात, त्यांची देवळं त्यांना लखलाभ, आपण कशाला जायचं? दुसरे काही दोस्त जातात, तीन तोंडांपुढं फोटो काढतात, माकडांना वेफर्स चारतात आणि संध्याकाळच्या बोटीनं परत येतात. या दोघांशीही माझं भांडण आहे. पहिला आपला हक्क फुकट सोडून देतो, दुसरा तिकीट काढून सोडून देतो.

तिसरं भांडण सदाशिवपेठी रसिकाशी. वीसेक फुटांच्या सदाशिवासमोर हा डोळे मिटून उभा राहतो आणि आपल्याला दटावतो, इथं जातपात आणू नका, इथं निव्वळ कला आहे. अरे बाबा, आधी डोळे उघड. लेणं बांधत नाहीत, कोरतात. इथला खांब कुणी उभा केलेला नाही, खांबाभोवतीचा डोंगर काढून टाकलेला आहे. दिसतो तो देव. दिसत नाही तो उपसलेला काळा कातळ. तो कुणी फोडला? कुणी डोक्यावर घेतला? मी गोदीत माल उतरवतो. रिकामी जागा बघितली की तिथून किती वजन हललं ते मला आधी दिसतं. रसिकाला दिसत नाही, कारण त्याच्या सात पिढ्यांत कुणाच्या खांद्याला वळ उठलेला नाही.

हे लेणं कुठल्या राजाचं यावर पंडितांची जुनी मारामारी आहे. कुणी म्हणतं कोकणचे मौर्य, कुणी म्हणतं कलचुरी, कुणी म्हणतं चालुक्य. इथला शिलालेख पोर्तुगीजांनी उचलून आपल्या देशात नेला आणि तिकडं तो हरवला. राजाचं नाव गेलं. बरं झालं! कारण नाव गेल्यावर मागं काय उरलं ते बघा. बेटावर कलचुरी कृष्णराजाची तांब्याची, हलक्या किमतीची नाणी सापडली. सहाव्या शतकातली. नाण्यांच्या अभ्यासक शोभना गोखले यांनी तर्क मांडला की ही लेणं कोरणाऱ्यांची मजुरी असावी. हा तर्क आहे, काळ्या दगडावरची रेघ नाही. पण माझ्यासारख्याला तो लगेच पटतो. पगाराच्या दिवशी हातातून निसटलेलं नाणं अंधारात चाचपडणारा माणूस मला ओळखीचा आहे. त्याची जात कुणी लिहून ठेवली नाही. पण धर्मशास्त्रानं राबणाऱ्या हाताला खाली बसवलं आणि त्याच हातानं कोरलेल्या देवाला वर बसवलं, एवढं सगळ्यांना माहीत आहे.

बेटाला ज्यानं एलिफंटा नाव मिळवून दिलं, त्या दगडी हत्तीचंही असंच. १८६४ साली साहेबाला तो विलायतेला न्यायचा होता. उचलताना क्रेन तुटली, हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे पुढं जोडले आणि आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा आहे. हत्तीचं सगळं लिहून ठेवलंय. साखळीला कोण होतं, हे कुठल्याच पाटीवर नाही.

आता पूर्वेकडची टेकडी. तिथं विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. बेटावरची बौद्ध वस्ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापर्यंत मागं नेतात. म्हणजे सदाशिव कोरला जाण्याच्या सात-आठशे वर्षं आधी इथं तथागताचं नाव घेणारी माणसं होती. युनेस्कोनं १९८७ साली घारापुरीला जागतिक वारसा ठरवलं, पण बोटीतून उतरलेला माणूस पायऱ्या चढतो, पहिलं लेणं बघतो आणि परत फिरतो. स्तूपाकडं कुणी बोट दाखवत नाही. आणि बाबासाहेबांचं नाव घेणारा आपला पोरगाही त्या माणसाच्याच मागं मागं फिरतो! मग इतिहास चोरला म्हणून सभेत कशाला बोंबलायचं?

त्या पायऱ्यांवरच डोली आहे. खुर्चीला बांबू बांधतात, पर्यटक खुर्चीत बसतो, माणसं त्याला खांद्यावर घेऊन वर चढतात. वर देव बघायचा, खाली माणूस बघायचा नाही. डोली उद्या बंद करा म्हणणं सोपं आहे, त्यांच्या चुलीत दुसरं काय घालणार ते आधी सांगा.

आणि बेटाची गावं? शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर. बोटीतून एका अंगाला ट्रॉम्बेच्या अणुभट्टीचा घुमट दिसतो, दुसऱ्या अंगाला १९८९ पासून चालू असलेल्या न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन. मध्ये हे बेट अंधारात. रोज रात्री दोन-तीन तास जनरेटर, मग कंदील. समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती २०१८ साली. जगाचा वारसा ठरल्यावर ३१ वर्षांनी! वारसा देवाचा होता, माणसांचा नव्हता.

त्याच पाण्यात १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या बोटीवर आदळली. शंभरावर माणसं बोटीत होती, १५ जीव गेले. लाइफ जॅकेटं आधी दिलीच नव्हती, असं वाचलेल्यांनी सांगितलं. पाण्यातल्या माणसांना ओढून काढणाऱ्यांत बंदराच्या पायलट बोटींवरचे कामगार होते. वर ओढून घेताना त्यांनी कुणाची जात विचारली नाही.

म्हणून दोस्तांनो, घारापुरीला जा. हात जोडायला नको आणि नाक मुरडायलाही नको. बोटीत चढताना लाइफ जॅकेट मागा. गाईडला विचारा, कोरणाऱ्यांना मजुरी काय होती? विचारा, स्तूपाकडं वाट कुठून जाते? तो गप्प बसला तर सरळ पूर्वेची टेकडी चढा. डोलीवाल्याशेजारी बसा, दिवसाला काय सुटतं ते विचारा आणि लिहून आणा. आपल्या अंकात ते छापू.

तीन तोंडांचा देव चौदाशे वर्षं गप्प आहे. आपल्याला एकच तोंड आहे. ते उघडा.