सोड्याची चिमूट

मेक्सिकोच्या ग्वानाह्वातो राज्यातलं सेलाया हे गाव काहेतासाठी प्रसिद्ध आहे. शेळीचं दूध नि साखर तासन्‌तास आटवून केलेली ही दाट, तपकिरी मिठाई. ती घरी करताना अनेकांना खाण्याचा सोडा खटकतो. घाई करणाऱ्यांची ती पळवाट आहे, असं त्यांना वाटतं. पण दूध आटतं तसं त्यातलं आम्लही घट्ट होत जातं, आणि ते मारलं नाही तर दूध फाटून रवाळ होतं. शिवाय रंगाचं काय? निव्वळ साखर करपायला १६० अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि पातेल्यात पाणी असेपर्यंत तिथवर मजल जातच नाही. म्हणजे हा तपकिरी रंग बहुतांशी दुधातली शर्करा आणि प्रथिनं यांच्या संयोगाचा, आणि तो संयोग आम्ल कमी झालं की वेगाने होतो. सोड्याने साबणासारखी चव येते, ही तक्रार खरी आहे, पण ती चमचा सैल सोडणाऱ्यांबाबत. लिटरभर दुधाला २०० ग्रॅम साखर आणि पाव चमचा सोडा पुरतो. तोही पाण्यात कालवून, पातेलं खाली उतरवून घालावा, नाहीतर फेस शेगडीवर आलाच म्हणून समजा. बासुंदीसारखं बूड सांभाळत ढवळणं मात्र चुकत नाही. गाईच्या दुधाचंही छान होतं, नाही असं नाही. पण शेळीच्या दुधातल्या स्निग्धाम्लांचा किंचित उग्र दर्प इतक्या साखरेला जो तोल देतो, तो तिथे सापडत नाही. दालचिनी हवी तर घाला.