प्रेक्षकांतल्या टेपची बाजू

हेवी मेटल बँडच्या कार्यक्रमात प्रेक्षकांपैकी कोणी केलेल्या अनधिकृत ध्वनिमुद्रणालाही ‘बूटलेग’ म्हणतात. अमेरिकेत बुटाच्या नळीत लपवून नेल्या जाणाऱ्या चोरट्या दारूवरून हा शब्द आला, आणि तो वास त्याला अजून चिकटून आहे. नाव उच्चारताच आरोपी दोषी ठरतो. मेटॅलिका या बँडच्या टेपा जमवणाऱ्यांवरची बरीचशी टीका या नावाच्याच आधाराने चालते, कारण त्या एका शब्दात तीन निरनिराळे व्यवहार कोंबलेले आहेत: स्टुडिओतून फुटलेली अर्धवट गाणी, नफ्यासाठी छापलेल्या चोरट्या तबकड्या, आणि एका श्रोत्याने मुद्रित करून दुसऱ्याला फुकट दिलेला कार्यक्रम. पहिल्या दोन व्यवहारांचे समर्थन करण्याचे कारण नाही. वाद आहे तो तिसऱ्याचा.

पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा चोरीचा. रंगमंचावरचा आवाज कलाकाराचा. त्याच्या संमतीशिवाय तो टिपणे म्हणजे त्याच्या मालमत्तेला हात घालणे. हा मुद्दा हसण्यावारी नेता येत नाही. १९९४ च्या, बौद्धिक संपदेवरील ट्रिप्स कराराच्या १४व्या कलमाने आपल्या प्रयोगाचे परवानगीविना मुद्रण रोखण्याचा हक्क कलाकाराला दिला. भारतातही त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराच्या हक्काचे ३८वे कलम आले. त्याआधी पळवाटा मोठ्या होत्या. फिल कॉलिन्सच्या १९८३ मधल्या कॅलिफोर्नियातील कार्यक्रमाच्या चोरट्या तबकड्या जर्मनीत उघड विकल्या जात होत्या, कारण जर्मन कायद्याचे पूर्ण संरक्षण जर्मन कलाकारांपुरतेच होते. युरोपीय न्यायालयाने १९९३ मध्ये हा भेदभाव बेकायदा ठरवला. परंतु या कायद्यांची धार कोणाकडे आहे तेही पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या १९९४ च्या तरतुदीत दिवाणी दावा कोणावरही लावता येतो, मात्र फौजदारी गुन्ह्यासाठी व्यापारी फायद्याचा हेतू लागतो. विकणारा आणि वाटणारा यांतला फरक जमवणाऱ्यांनी सोयीसाठी शोधून काढलेला नाही, तो कायद्यानेच केला आहे.

शिवाय चोरीचा आरोप संमतीपाशी थांबतो. ग्रेटफुल डेड या बँडने १९८४ च्या ऑक्टोबरात मुद्रण करणाऱ्या प्रेक्षकांसाठी वेगळी जागा राखून ठेवली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मेटॅलिकानेही आपल्या कार्यक्रमांत ध्वनिमुद्रणाला मुभा दिली. याउलट लेड झेपेलिनचे व्यवस्थापक पीटर ग्रँट यांचा खाक्या वेगळा होता. १९७१ मध्ये व्हँकुव्हरला त्यांनी एका चोरट्या मुद्रकाचे यंत्र समजून फोडून टाकले, ते निघाले आवाजाची पातळी मोजायला आलेल्या माणसांचे. बँडने नकार दिला असेल तिथे जमवणाऱ्याची बाजू लंगडी पडते, हे मान्य करावे लागेल. मेटॅलिकाच्या बाबतीत ती लंगडी नाही.

इथे नॅपस्टर या इंटरनेटवरून गाण्यांची अदलाबदल करू देणाऱ्या सेवेचा दाखला हमखास पुढे येतो. एप्रिल २००० मध्ये मेटॅलिकाने नॅपस्टरवर खटला भरला आणि आपली गाणी उतरवून घेणाऱ्या तीन लाखांहून अधिक खात्यांची यादी त्या कंपनीला दिली; मग हा बँड टेपवाल्यांचा मित्र कसा? खटल्याचे मूळ मात्र ‘आय डिसअपिअर’ या गाण्यात होते. ते पुरे होण्याआधीच फुटून रेडिओवर वाजू लागले होते. त्या गाण्याची आणि अधिकृत अल्बमांची अदलाबदल हा तक्रारीचा गाभा होता. म्हणजे वर सांगितलेल्या तीन व्यवहारांपैकी पहिल्याशी बँडचे भांडण होते आणि आक्षेप घेणारे त्याचे बिल तिसऱ्याच्या नावावर फाडतात. बँडच्या बांधणीचा इतिहास तर याच्या नेमका उलट आहे. ड्रमर लार्स उलरिक स्वतः ब्रिटिश बँडच्या टेपा जगभरच्या लोकांशी अदलाबदलीने मिळवणारा मुलगा होता, आणि १९८२ चा ‘नो लाइफ टिल लेदर’ हा त्यांचा डेमो हातोहात कॉपी होत गेल्यानेच लॉस एंजेलिसच्या बाहेर या पोरांचे नाव पोचले.

दुसरा आक्षेप दर्जाचा. तो असा की खिशातल्या मायक्रोफोनने टिपलेल्या खरखरीत आवाजावरून कलाकाराची पारख होऊ नये. काय जगापुढे ठेवायचे ते त्यानेच ठरवावे. पण अधिकृत लाइव्ह अल्बम नेहमी लाइव्ह असतोच असे नाही. जूडास प्रीस्टच्या १९७९ च्या ‘अनलीश्ड इन द ईस्ट’मधले गायन नंतर स्टुडिओत पुन्हा केल्याचे गायक रॉब हॅलफर्डने स्वतःच मान्य केले आहे, आणि चाहत्यांनी त्या अल्बमला ‘अनलीश्ड इन द स्टुडिओ’ असे टोपणनाव कधीच ठेवून दिले होते. उत्तम अल्बम आहे तो. फक्त त्या रात्री टोकियोत काय गायले गेले याचा पुरावा म्हणून तो चालत नाही.

खरखरीचा मुद्दाही वाटतो तितका सरळ नाही. साऊंडबोर्डवरून, म्हणजे ध्वनिमिश्रणाच्या टेबलावरून थेट घेतलेले मुद्रण स्वच्छ असते, पण लहान सभागृहात गिटारचे अँप्लिफायर आणि ड्रम रंगमंचावरूनच इतके मोठ्याने ऐकू येतात की टेबलावरून स्पीकरांकडे त्यांचा वाटा कमी सोडला जातो. परिणामी अशा टेपेत गळा पुढे येतो आणि गिटार मागे राहते. मेटलच्या बाबतीत हा जरा विनोदच. प्रेक्षकांतला मायक्रोफोन सभागृह ऐकतो. त्यात शेजारच्याची आरोळी येते, पहिल्या दोन मिनिटांत यंत्र सावरतानाची खुडबुड येते, पण आवाजाचे वजनही येते. जाणते संग्राहक म्हणूनच टेपेची वंशावळ विचारतात: मूळ कॅसेट कोणत्या यंत्रावर झाली, मध्ये किती कॉप्या झाल्या, फीत मूळ वेगाने चालली की वेग बदलून सूर अर्ध्या स्वराने चढला. कॅसेटवरून कॅसेट करताना दर पिढीला सरसर वाढते आणि वरच्या पट्टीतले ध्वनी झिजतात. संगणकावर उतरवताना फ्लॅकसारखे काही न गाळणारे स्वरूप वापरायचे, एमपीथ्री नाही, हा दंडक त्यातूनच आला. बाहेरच्याला हे सोवळेओवळे वाटते. जुन्या पोथीची नक्कल कोणी, कशावरून केली हे तपासणाऱ्याला कोणी तसे म्हणत नाही.

बँडचे स्वतःचे मत त्याने कृतीतून दिले आहे. बेसवादक क्लिफ बर्टन २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये दौऱ्याच्या बसला झालेल्या अपघातात गेला. पुढच्या वर्षी त्याच्या स्मरणार्थ निघालेली ‘क्लिफ एम ऑल’ ही व्हिडिओफीत मुख्यत्वे चाहत्यांनी चोरून केलेल्या चित्रणावर उभी राहिली. त्याचा शेवटचा कार्यक्रम अपघाताच्या आदल्या संध्याकाळी स्टॉकहोमजवळच्या सोल्नात झाला होता. २०१७ मध्ये ‘मास्टर ऑफ पपेट्स’ची मोठी आवृत्ती निघाली तेव्हा त्या कार्यक्रमाचे एका चाहत्याने केलेले मुद्रण तिच्यात होते, तेही कॅसेटवर. ज्या दर्जाबद्दल आक्षेप घेणाऱ्यांना लाज वाटते, तो बँडने आपल्या नावाच्या पेटीत घालून विकला.

तिसरा आक्षेप अलीकडचा आहे. मार्च २००४ पासून मेटॅलिका आपल्या कार्यक्रमांची अधिकृत मुद्रणे विकते. मग कुणाची खिशातली टेप कशाला हवी? त्याआधीच्या दोन दशकांचे काय, हा पहिला प्रतिप्रश्न. १९९३ च्या ‘बिंज अँड पर्ज’ या पेटीत मेक्सिको सिटी, सॅन डिएगो आणि सिॲटल एवढीच शहरे आहेत. बर्टन बँडबरोबर रंगमंचावर आला मार्च १९८३ मध्ये आणि गिटारवादक डेव्ह मस्टेनला काढले एप्रिलमध्ये. हे दोघे रंगमंचावर एकत्र होते तो बँड काही आठवड्यांचा. त्याने अल्बम केलाच नाही. ‘द मेकॅनिक्स’ हे मस्टेनचे गाणे पुढे संथ मधला भाग जोडून ‘द फोर हॉर्समेन’ झाले आणि स्वतः मस्टेनने १९८५ मध्ये ते मेगाडेथ या आपल्या नव्या बँडच्या पहिल्या अल्बमात वेगाने वाजवले. त्याआधी रंगमंचावर ते कसे होते हे सांगायला त्या वेळच्या टेपाच लागतात. मुंबईचे उदाहरणही बोलके आहे. आयर्न मेडनने १ फेब्रुवारी २००८ रोजी आपला जगदौरा वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला. त्या दौऱ्याच्या ‘फ्लाइट ६६६’ या अल्बमात शहरागणिक एकेक गाणे घेतले आहे आणि मुंबईच्या वाट्याला ‘एसेस हाय’ आले. त्या संध्याकाळचे बाकीचे कार्यक्रमपत्रक अल्बममध्ये नाही.

चौथा आक्षेप खरे म्हणजे आक्षेप नाही, कुचेष्टा आहे: तेच गाणे दोनशे वेळा ऐकण्यात काय अर्थ? शास्त्रीय संगीताच्या रसिकांनी खासगी मैफलींच्या स्पूल-टेपा जपल्या त्याचे कौतुक होते, कारण राग दर वेळी नव्याने मांडला जातो. मेटलची गाणी बांधीव असतात हे खरे. पण बांधीव आहेत म्हणूनच फरक चटकन कानात भरतो: १९८६ ला लय किती पुढे पळाली, गिटारचा एकल तुकडा कुठे ठरून गेला, एखादा चरण गायकाने श्रोत्यांवर केव्हा सोडायला सुरुवात केली. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायोनेल मेपलसन यांनी १९०१ ते १९०३ या काळात मेणाच्या नळ्यांवर प्रयोगांचे तुकडे टिपले. सरसरीत आवाजाची कमालच आहे त्यांत, शब्द मुश्किलीने लागतात. तरीही झाँ द रेश्के या त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या गायकाचा गळा आज ऐकायचा तर तेवढ्याच नळ्या आहेत.

संग्राहकांवर एक दोष मात्र खरोखर लागू पडतो, आणि तो विरोधकांच्या यादीत क्वचितच सापडतो. दुर्मिळ मूळ कॅसेट अदलाबदलीतले भांडवल म्हणून वर्षानुवर्षे दडवून ठेवणारे लोक या छंदात आहेत. फीत कपाटातही जुनी होत राहते, आणि कोणालाच न ऐकवलेल्या टेपेवर जतनाचा दावा सांगता येत नाही. याच मंडळींत दुसराही संकेत आहे: टेप विकायची नाही, आणि एखाद्या कार्यक्रमाची अधिकृत आवृत्ती निघाली की त्याची टेप वाटणे थांबवायचे. दडवणाऱ्याला यातले कोणतेच कलम मोडावे लागत नाही.